यांत्रिक लेखनिक आणि वऱ्हाडची वाणी

बोलणारा एक आणि लिहिणारा दुसरा, ही लेखनाची रीत वऱ्हाडास अपरिचित नाही. अमरावती जिल्ह्यातील माधानचे प्रज्ञाचक्षू श्रीगुलाबराव महाराज (१८८१–१९१५) ह्यांची दृष्टी तान्हेपणीच गेली. चौतीस वर्षांच्या अल्प आयुष्यात त्यांनी संस्कृत, मराठी आणि हिंदी ह्या भाषांतून शंभराहून अधिक लहानमोठे ग्रंथ रचले, आणि ते दुसऱ्याच्या हातून कागदावर उतरले. दुसऱ्याने वाचावयाचे आणि महाराजांनी ऐकून ध्यानात ठेवावयाचे. मग महाराजांनी बोलावयाचे आणि दुसऱ्याने लिहावयाचे, असा हा व्यवहार होता. इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासकांस येथे मिल्टनची आठवण होईल. १६६७ साली प्रसिद्ध झालेले त्याचे महाकाव्य त्याने अंधपणी असेच दुसऱ्यांकडून लिहवून घेतले. परंतु असा लेखनिक लाभण्यास माणसाने एकतर संत असावे लागते, नाहीतर महाकवी. अकोल्याच्या एखाद्या गल्लीत राहणाऱ्या, हात निकामी झालेल्या कारकुनास किंवा दृष्टिहीन विद्यार्थ्यास कोण लेखनिक मिळणार? भावाला वेळ असेल तेव्हा भाऊ, शेजाऱ्याची मर्जी असेल तेव्हा शेजारी. चार ओळींच्या अर्जासाठी चार दिवस वाट पाहणे हा त्याच्या आयुष्यातला नित्याचा प्रकार होय.

ह्या उणिवेवर तोडगा म्हणून ज्या यंत्राचे नाव गेली काही वर्षे घेतले जात आहे, त्याचे गुणदोष येथे पाहावयाचे आहेत. मोबाईलपुढे बोलावे आणि बोललेले अक्षरांत उमटावे, अशी ही करामत आहे. कोणी तिला बोलून टाइप करणे म्हणतात, कोणी व्हॉइस टायपिंग म्हणतात. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने हिंदीसाठी केलेल्या अशाच प्रणालीला 'श्रुतलेखन' असे नाव दिले होते, आणि ते सर्वांत सुंदर आहे. आमच्या पिढीच्या शाळेत मास्तर बोलत आणि मुले लिहीत, त्याला शुद्धलेखन घालणे म्हणत. यंत्र जे करते त्याला ते नाव देण्याचे धाडस मात्र अजून कोणी केलेले नाही!

आमचे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. हे यंत्र किती शब्द बरोबर ऐकते ह्यावरून त्याची परीक्षा करण्याची चाल पडली आहे. ती चाल अपंगांच्या बाबतीत फसवी आहे. यंत्राने चुकीचे ऐकले असता ती चूक बोलणाऱ्याच्या ध्यानात कशी येते, आणि ध्यानात आल्यावर ती त्याला स्वतःच्या बळावर सुधारता येते की नाही, ह्यावरून त्याची परीक्षा झाली पाहिजे. धडधाकट माणसास चूक म्हणजे क्षणाचा खोळंबा. बोटाने ती पुसली की काम झाले. ज्याला बोटच नाही, किंवा जो ती चूक पाहूच शकत नाही, त्याला तीच चूक म्हणजे वाटेत पडलेला धोंडा होय.

यंत्राचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगतो. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने १९५२ साली शून्य ते नऊ हे आकडे ओळखणारे यंत्र केले. ते एकाच माणसाच्या आवाजाला सरावलेले होते. आयबीएम कंपनीने १९६२ साली दाखविलेल्या यंत्राची मजल सोळा शब्दांपर्यंत गेली. १९९० साली 'ड्रॅगन डिक्टेट' बाजारात आले, त्यात प्रत्येक शब्दानंतर थांबावे लागे, आणि किंमत नऊ हजार डॉलर होती. अखंड वाक्य बोलण्याची मोकळीक १९९७ मध्ये मिळाली. ज्यांचे हात दुखण्याने जायबंदी झाले होते अशा इंग्रजी लेखकांनी ह्या प्रणालींचा आधार घेतला. परंतु तुटक तुटक बोलण्याने त्यांतील कित्येकांचे गळे बसले, ही गोष्ट जाहिरातींत अर्थातच नव्हती. हाताचा भार गळ्यावर पडला, इतकेच. मराठीची पाळी फार उशिरा आली. गूगलने २०१७ च्या ऑगस्टमध्ये बोलून लिहिण्याच्या सोयीत तीस नव्या भाषा घातल्या, त्यांत मराठी होती. नऊ हजार डॉलरांची वस्तू साध्या मोबाईलमध्ये वेगळ्या खर्चावाचून आली, हे त्या कंपनीचे ऋण मान्य केले पाहिजे.

उपयोग कोणास? अमरावतीच्या तपोवनाचे नाव महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. डॉ. शिवाजीराव पटवर्धन ह्यांनी कुष्ठरोग्यांसाठी उभारलेली ती वसाहत. कुष्ठरोग मज्जातंतूंवर आघात करतो. बोटांची संवेदना जाते, बोटे वाकडी होतात, झिजतात. रोग औषधाने पुरता बरा झाला तरी गेलेली बोटे परत येत नाहीत. २०१६ च्या अपंग-हक्क कायद्याने कुष्ठमुक्त व्यक्तींस अपंगांत गणले आहे ते ह्याचसाठी. अशा माणसास मोबाईलच्या काचेवरील तांदळाएवढी अक्षरे दाबणे म्हणजे छळ. काचेला बोट टेकले की नाही हेच त्याला कळत नाही. परंतु त्याची वाणी शाबूत आहे, बुद्धी शाबूत आहे, डोळे शाबूत असतील तर उमटलेली अक्षरे तो वाचू शकतो. झाडावरून पडून मणका मोडलेला शेतकरी, यंत्रात हात गेलेला कामगार, जन्मतः हात नसलेली मुलगी, ह्यांचीही गोष्ट तीच. हात गेला आणि तोंड राहिले, अशांसाठी हे यंत्र खरोखरीच वरदान आहे, आणि आम्ही ते नि:संकोच म्हणतो.

दुसरा एक वर्ग आहे, ज्याचा ह्या विषयात विचार होत नाही. अचलपूरजवळील वझ्झर येथे श्री. शंकरबाबा पापळकर ह्यांनी टाकून दिलेल्या अपंग मुलांचे घर उभे केले, आणि २०२४ साली त्यांस पद्मश्री मिळाली. अशा घरांतून मूकबधिर मुले बरीच असतात. त्यांना बोलून लिहावयाचे नसते. दुसऱ्याचे बोलणे लिहिलेले हवे असते. २०१९ मध्ये गूगलने समोरच्याचे बोलणे तत्काळ पडद्यावर लिहून दाखविणारी एक सोय प्रसिद्ध केली. जिला वाचता येते अशा बहिऱ्या मुलीला दवाखान्यात डॉक्टर काय म्हणतात हे कळावे, एवढा तिचा उपयोग झाला तरी तो लहान नव्हे. येथे तर चुकीचा प्रश्न आणखीच बिकट होतो, कारण काय बोलले गेले हे तिला मुळीच माहीत नसते. लिहिलेले तेच बोललेले, असे तिला मानावे लागते. डॉक्टरांनी "हे औषध जेवणाआधी घेऊ नये" म्हटले आणि यंत्राने "घेऊन ये" लिहिले, तर पुढे काय होईल हे सांगावयास नको.

आता यंत्राच्या पोटात काय चालते ते पाहू, म्हणजे त्याच्या चुकांचे मर्म कळेल. ते आवाजाचे बारीक बारीक तुकडे करते आणि प्रत्येक तुकडा कोणत्या वर्णाचा असण्याचा संभव किती, ह्याचा हिशेब करते. मग आजवर त्याला पुरविलेल्या कोट्यवधी वाक्यांच्या आधारे ह्या वर्णांतून कोणते शब्द व कोणते वाक्य निघण्याचा संभव अधिक, ते ठरविते, आणि सर्वांत संभाव्य ते लिहून मोकळे होते. म्हणजे यंत्र जे लिहिते ते तुम्ही काय म्हणालात ते नव्हे. तुमच्यासारखा आवाज ऐकू आला असता बहुतेक लोक काय म्हणतात, ते होय. बहुतेकांची भाषा बोलणाऱ्यास ह्या दोहोंतील अंतर जाणवत नाही. आणि मराठीत हे 'बहुतेक' म्हणजे छापील पुस्तकांची, वर्तमानपत्रांची आणि दूरदर्शनच्या निवेदकांची भाषा.

वऱ्हाडी माणूस येथेच अडतो. सर जॉर्ज ग्रिअर्सनने १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या भाषा-पाहणीच्या सातव्या खंडात वऱ्हाडीचे वर्णन केले, तेव्हा 'ळ' चा उच्चार येथे निराळा होतो ही गोष्ट त्याच्या ध्यानात आली होती. डोळ्याचा डोया, शाळेची शाया, पळाला त्याचा पयाला. ह्यात काही विपर्यास आहे असे आम्ही मानीत नाही. बोलीचा तो नियम आहे, आणि नियम म्हटला की तो व्याकरणाइतकाच मानाचा. परंतु ह्या नियमातून निघणारे शब्द पाहा. काळी माती ही 'काया' मातीत येते, आणि काया म्हणजे तर देह. गळ्यातली माळ ही 'माय' होते. बाळ हे 'बाय' होते. हे सर्व शब्द पुस्तकी मराठीतही आहेत, फक्त अर्थ वेगळे. यंत्राला चूक झाल्याची शंकासुद्धा येत नाही, कारण त्याने लिहिलेला शब्द कोशात आहे. 'मला' ऐवजी 'मले', 'आहे' ऐवजी 'हाय', 'करीत आहे' ऐवजी 'करून राहिला', ह्यांची गोष्ट उलट: ते पुस्तकांत फारसे आढळत नाहीत, म्हणून त्यांच्या जागी पुस्तकी रूपे किंवा भलतेच शब्द येण्याचा धोका अधिक. तलाठ्याकडे द्यावयाच्या अर्जात 'मले' चे 'मला' झाले तर कोणाचे नुकसान होत नाही, उलट ते सोयीचेच. परंतु तोच माणूस कथा सांगत असेल तर? उद्धव शेळके ह्यांची 'धग' १९६० साली आली. तिची माणसे वऱ्हाडीत बोलतात आणि म्हणूनच ती जिवंत वाटतात. अकोल्याचे कवी विठ्ठल वाघ ह्यांची कविता ज्या बोलीत उगवली ती बोली काढून घेतली तर मागे काय उरेल? उद्या एखादा शेळके हात गमावलेला निघाला, तर त्याच्या पात्रांची भाषा यंत्र एकेका शब्दाने 'सुधारीत' जाईल. अर्ज असेल तेव्हा पुस्तकी रूप आणि कथा असेल तेव्हा बोलीचे रूप, ही निवड बोलणाऱ्याच्या हाती असली पाहिजे. आज ती निवड यंत्र त्याला न विचारता करते.

'न विचारता' ह्या शब्दाशी थोडे थांबू. माणूस-लेखनिक आणि यंत्र-लेखनिक ह्यांतील खरा भेद ह्या शब्दात आहे. माणसालाही ऐकताना चूक होते. किंबहुना तो थकतो, कंटाळतो, त्याचे लक्ष उडते, आणि यंत्राला ह्यांतले काही होत नाही. परंतु माणूस संशय आला की थांबतो. "काय म्हणालात? माय की माळ?" असे तो विचारतो. व्यासांनी सांगावे आणि गणपतीने लिहावे अशी जी कथा आहे, तीत अर्थ समजल्यावाचून लिहावयाचे नाही ही अट व्यासांनी घातली होती. लेखनिकास अर्थ कळला पाहिजे ही अपेक्षा इतकी जुनी आहे. गुलाबराव महाराजांनी 'नावंग' नावाची एक स्वतंत्र भाषाच रचली होती. जगात दुसरे कोणी न बोललेली भाषा त्यांच्या लेखनिकांनी विचारून विचारूनच उतरवून घेतली असली पाहिजे. 'बहुतेक लोक काय म्हणतात' ह्या हिशेबाला तेथे काय जागा!

ह्याहूनही बोलके उदाहरण वऱ्हाडातच आहे. १३ व्या शतकाच्या उत्तरार्धात आजच्या अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे म्हाइंभटांनी श्रीचक्रधरांच्या आठवणी गोळा करून लीळाचरित्र सिद्ध केले. ज्यांनी स्वामींचे शब्द प्रत्यक्ष ऐकले अशांकडे जाऊन, विचारून, पडताळून त्यांनी ते लिहिले. दोघांच्या सांगण्यात फरक पडला तर तो लपविला नाही. अमक्याच्या मते असे आणि तमक्याच्या मते तसे, अशी नोंद त्या परंपरेने जपली. ऐकलेले लिहिणाऱ्याचा हा आद्य धर्म मराठी गद्याच्या उगमापाशीच सांभाळला गेला. आता गंमत अशी की, यंत्रालाही संशय येतो. आपण लिहिलेला शब्द कितपत खात्रीचा आणि त्याच्या खालोखाल दुसरा कोणता संभवतो, ह्याचे आकडे त्याच्या पोटात असतात. त्यावाचून त्याचा हिशेबच होत नाही. परंतु खात्रीचा शब्द आणि अंदाजाने ठोकलेला शब्द, दोन्ही ते बहुधा सारख्याच निश्चयाने पडद्यावर मांडते. संशय असूनही तो सांगावयाचा नाही, ही यंत्राची असमर्थता नव्हे. ते घडविणाऱ्यांनी दिसण्यातल्या सफाईसाठी केलेली निवड आहे, आणि आमचा मुख्य आक्षेप तिच्यावर आहे.

दृष्टिहीनाच्या बाबतीत ही गोष्ट अगदी उघडी पडते. त्याने बोललेले यंत्र लिहिते, आणि लिहिलेले दुसरे यंत्र त्याला वाचून दाखविते. म्हणजे तपासणीचे साधन पुन्हा कानच. आता 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब. 'सुत' म्हणजे मुलगा आणि 'सूत' म्हणजे धागा. 'शिर' म्हणजे मस्तक आणि 'शीर' म्हणजे रक्तवाहिनी. बोलण्याच्या ओघात ह्यांचे उच्चार इतके जवळ येतात की ऐकून निवड करणे कठीण. लिहिणाऱ्या यंत्राने 'दीन' च्या जागी 'दिन' लिहिले, तर वाचणारे यंत्र ते ज्या तऱ्हेने उच्चारील ती ऐकून अंध लेखकास आपला शब्द बरोबर उमटला असेच वाटेल. जी चूक कानातून आत शिरली ती कानाने सापडत नाही. एकेक अक्षर सुटे करून ऐकण्याची सोय आहे खरी, पण पानभर मजकूर असा ऐकावयाचा म्हणजे दगडावर धान्य निवडण्यासारखे आहे. ह्याचे फळ असे की, अंध विद्यार्थ्याचे लेखन डोळसाच्या हाती पडले की तो म्हणतो, ह्याला शुद्धलेखन येत नाही. दोष यंत्राचा आणि ठपका विद्यार्थ्यावर!

हात नसलेल्याची अडचण निराळी. चूक त्याला दिसते, पण तिच्यापर्यंत पोहोचावे कसे? बोलून लिहिणे निराळे आणि बोलून यंत्र चालविणे निराळे. 'वरच्या ओळीतला तिसरा शब्द काढ', 'येथे स्वल्पविराम दे', 'हे पत्र पाठव' अशा आज्ञा यंत्राने मानल्या पाहिजेत. ॲपल कंपनीने २०१९ मध्ये सर्व यंत्र आवाजाने चालविण्याची जी व्यवस्था आणली, ती आधी इंग्रजीत आली. विरामचिन्हे उच्चारून देण्याची सोयसुद्धा सर्व भाषांना सारखी मिळालेली नाही. मराठीत लिहिणे आधी सुरू होते ते बहुधा ध्वनिग्राहकाच्या चित्रावर बोट ठेवल्यावर. ज्याला बोट नाही त्याच्यासाठी केलेल्या साधनाची किल्ली बोटाने फिरवावयाची, ह्यातला विनोद ते घडविणाऱ्यांच्या ध्यानात आला नसावा.

शंभर शब्दांत किती चुकले, हे प्रमाण काढून ह्या यंत्रांची स्पर्धा लावली जाते. चुकलेले, गाळलेले आणि जादा घातलेले शब्द मोजावयाचे आणि एकूण शब्दांशी त्यांचे प्रमाण काढावयाचे, अशी ती रीत. शेकडा पाच चुका म्हटल्या की ऐकणाऱ्यास वाटते, वा! परंतु चारशे शब्दांच्या एका पानात त्या वीस होतात. शिवाय ह्या मोजणीत सर्व शब्दांचे मोल एकच. 'तर' गळला काय आणि 'नाही' गळला काय, चूक एकच. "मी कर्जाची रक्कम उचलली नाही" ह्या वाक्यातून शेवटचा शब्द गळाला तर शेकडा वीस चूक झाली असे ही पद्धत सांगेल. वाक्य उलटे झाले हे ती सांगणार नाही. परीक्षकाने निबंध तपासताना नुसत्या काना-मात्रा मोजाव्यात तसे हे आहे.

ज्यांची वाणीच अपंग आहे त्यांचे काय? २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले, आणि त्यांत मेंदूच्या पक्षाघातापासून वाचा-भाषेच्या दोषापर्यंत अनेक असे आहेत की ज्यांत हात आणि जीभ एकदमच अडखळतात. ज्याला हाताने लिहिता येत नाही म्हणून यंत्र हवे, त्याचेच बोलणे यंत्राला कळत नाही. मुलाचे बोलणे आईला कळते, शेजारच्या काकूंना हळूहळू कळू लागते; कान प्रेमाने आणि सवयीने शिकतो. स्टीफन हॉकिंगचा दाखला मोठा बोलका आहे. १९८५ पूर्वी त्याचे अस्पष्ट बोलणे निकटच्या मोजक्या माणसांनाच समजे, आणि त्या काळात तो चिटणिसास सांगून लेख लिहवीत असे. त्या वर्षी गळ्यावर शस्त्रक्रिया होऊन वाचा पुरती गेली, तेव्हा हाताच्या कळीने आणि पुढे गालाच्या स्नायूच्या हालचालीने तो शब्द निवडू लागला. जगातील उत्तमोत्तम यंत्रज्ञ दिमतीला असलेल्या माणसासही वाणी ओळखणाऱ्या यंत्राचा उपयोग नव्हता. गूगलने २०१९ मध्ये 'युफोनिया' नावाने सदोष उच्चारांचे नमुने जमविण्याचा उपक्रम जाहीर केला. एकेका माणसाच्या आवाजाला यंत्र सरावले की फरक पडतो, असे त्यातून दिसले आहे. मार्ग हाच आहे. तो मराठीपर्यंत येऊन पोहोचण्याची मात्र अद्याप वाटच पाहावयाची आहे.

येथे एका व्यावहारिक धोक्याकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. परीक्षेस बसणाऱ्या अपंग विद्यार्थ्यास लेखनिक मिळण्याचा हक्क आहे. केंद्र सरकारने २९ ऑगस्ट २०१८ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत लेखनिक स्वतः निवडण्याची मुभा, तासाला निदान वीस मिनिटे अधिक वेळ, आणि ब्रेल, संगणक किंवा उत्तरांचे ध्वनिमुद्रण ह्यांपैकी रीत निवडण्याची सवलत होती. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार ह्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अपंगत्व शेकडा चाळीस भरले नाही एवढ्यावरून लेखनिक नाकारता येत नाही. त्या उमेदवारास लिहिताना हाताला पेटके येण्याची व्याधी होती. हे हक्क भांडून मिळविलेले आहेत. आता यंत्र आले, तेव्हा कोणी अधिकारी उद्या म्हणेल की लेखनिकाची कटकट कशाला, मोबाईल घ्या आणि बोला. गणिताची समीकरणे, संस्कृत श्लोक, भूगोलातील गावांची नावे बोलून उमटवणे किती जिकिरीचे आहे हे त्याला ठाऊक नसते. आणि एकाच दालनात दहा जण बोलू लागले तर काय होईल ह्याचा विचार तो करीत नाही. यंत्र हा पर्याय म्हणून अवश्य द्यावा. लेखनिकाच्या ऐवजी म्हणून लादू नये. निवड विद्यार्थ्याची.

एकांताचा प्रश्नही लहान नाही. हाताने लिहिणारा घरातल्या गर्दीत बसून मनातले लिहू शकतो. बोलून लिहिणाऱ्यास आपले पत्र आधी साऱ्या घराला ऐकवावे लागते. बँकेचा गुप्त आकडा तो मोठ्याने कसा बोलणार? शिवाय बोललेला आवाज बहुधा दूरच्या संगणकाकडे जाऊन तेथून शब्द परत येतात. म्हणजे संपर्क नसेल तेथे लेखनिकही नाही. मेळघाटात चिखलदरा-धारणीकडे संपर्काची रड आहेच, आणि तेथील कोरकूंची भाषा तर मराठीच्या कुळातली नसून मुंडा कुळातली. त्यांच्यातील अपंगांस हे सर्व विवेचन परग्रहावरचे वाटेल.

बोलींच्या बाबतीत काही हालचाल सुरू आहे, ती नोंदली पाहिजे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने 'रेस्पिन' ह्या नावाने नऊ भारतीय भाषांच्या बोलींतील ध्वनिमुद्रणे जमविण्याचे काम केले. त्यांत मराठीच्या बोलींत वऱ्हाडीही आहे, आणि विषय शेती व पैशाचे व्यवहार हे आहेत. ग्रिअर्सनने उधळ्या पुत्राची एकच गोष्ट गावोगावच्या बोलींत उतरवून घेतली होती, आणि पुढे तबकड्यांवर आवाजही मुद्रित करविले होते. त्यानंतर वऱ्हाडी तोंडातून निघालेला शब्द कोणी पद्धतशीर साठवीत आहे, हे समाधानाचे. मात्र शेती आणि बँक ह्यांपलीकडे माणसाला रडावयाचे, भांडावयाचे, थट्टा करावयाची असते. तेही साठविले गेले पाहिजे. लिहून दिलेली वाक्ये वाचून घेणे आणि मोकळे बोलणे टिपणे ह्यांतही फार अंतर आहे, कारण लिहिलेले वाक्य समोर आले की वऱ्हाडी माणूस आपोआप पुस्तकी बोलू लागतो.

ह्या कामास एक जागा आम्हांस स्वाभाविक वाटते. रिद्धपूर येथे आता मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले आहे. म्हाइंभटांच्या गावी ऐकण्या-लिहिण्याच्या शास्त्राचे केंद्र व्हावे हे उचितच होईल. तेथे वऱ्हाडी बोलणाऱ्यांचे आवाज साठविताना ध्वनिग्राहकापुढे नुसते खणखणीत गळ्याचे लोक बसवू नयेत. दात गेलेली म्हातारी, अर्धांगाने जीभ जड झालेला गृहस्थ, बोलताना मान वाकडी होणारा मुलगा, ह्यांनाही बसवावे. त्यांचे बोलणे ज्यांना कळते त्या घरच्या माणसांकडून शब्द पडताळून घ्यावेत, आणि न कळलेले न कळलेलेच म्हणून नोंदवावे. त्या नमुन्यांवर सरावलेल्या यंत्राने 'माय' आणि 'माळ' ह्यांत संशय आला असता तो शब्द वेगळ्या स्वरात वाचून दाखवावा, किंवा वेगळ्या रंगात छापावा, आणि बोलणाऱ्याच्या होकारासाठी थांबावे. एवढे झाले म्हणजे अकोल्याच्या त्या कारकुनास आपला अर्ज कोणाकडून तपासून न घेता पाठविता येईल.